थायोकॉल्चिकोसाइड आणि योगेशभाऊंची मान

इंग्रजी शब्द फोडून देणं हे माझं काम आहे. असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, मी शब्दांचे अर्थ सांगते. अर्थाशी माझा फारसा संबंध येत नाही. औषध कंपनीच्या माणसाला आपलं औषध कशावर चालतं ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. त्याला फक्त त्या औषधाचं नाव तोंडातून बाहेर काढायचं असतं, आणि ते मध्येच अडकतं. अडकलेलं मोकळं करून द्यायचं, एवढंच मी करते. बाबा पाहुण्यांना सांगतात, ती क्लासमध्ये असते. आई सांगते, ती इंग्लिश शिकवते. दोन्ही ऐकून मी आत चहा ठेवायला जाते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला आणि त्यांनी कामातल्या गमतीजमती लिहून द्या असं सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. फोनवर नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं.

तर आधी काम काय ते सांगते. लांबलचक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचे तुकडे पाडायचे. एका दमात तोंडातून जेवढं बाहेर पडतं तो एक तुकडा. 'हॉस्पिटल'चे तीन, 'युनिव्हर्सिटी'चे पाच. पुस्तकात याला सिलेबल म्हणतात, आम्ही क्लासमध्ये तुकडाच म्हणतो. मग त्यातल्या एका तुकड्यावर वजन टाकायचं. पुस्तकात याला स्ट्रेस म्हणतात, पण तो शब्द आम्ही वापरत नाही, कारण तो जळगावात सगळ्यांकडे आधीच आहे. वजन टाकायचं म्हणजे तो तुकडा जरा उंच, जरा लांब, जरा जोरात म्हणायचा आणि बाकीचे आवरते घ्यायचे.

आपली मराठी माणसांची अडचण होते ती इथेच. आपण सगळ्या तुकड्यांना सारखं वाढतो. पंगतीत जिलेबी वाढावी तसं, कुणाच्या पानात कमी नको. इंग्रजी शब्दात मात्र एकच जावई असतो. सगळी जिलेबी त्याच्या पानात, बाकीच्यांनी वरणभात खाऊन उठायचं. बरं, जावयाची जागा तरी ठरलेली असावी, तर तेही नाही. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या पाटावर बसतो. 'फोटोग्राफर' म्हटलं की उठून दुसऱ्या पाटावर, आणि 'फोटोग्राफिक' म्हटलं की तिसऱ्या. हे मी एकदा आमच्या गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, लोक मला फोटोवाला म्हणतात, तेच बरं आहे.

आमचा क्लास जळगावात एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. चौधरी सर त्याचे मालक. ते खूप बोलतात, दोन माणसांचं बोलतात, म्हणून मला तिथे बरं वाटतं. माझी शाळा इंग्लिश मीडियमची होती. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि घरी इंग्लिश बोललं की सगळे जेवायचं थांबून माझ्याकडे बघायचे. त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प राहायला लवकर शिकले. मुलाखतीत सरांनी मला चार लांब शब्द म्हणायला लावले. म्हणाले, उच्चार एकदम चोख आहे, आवाज काय, येईल हळूहळू.

आवाज काही आला नाही. आला असता तरी गिरणीपुढे त्याचं काही चाललं नसतं. साधं गव्हाचं दळण असलं तर निदान पुढच्या बाकावर ऐकू जातं. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद एकत्र दळायला आले की जमीन थरथरते आणि फळ्याखालची खडूची पूड आपोआप सरकते. अशा वेळी वजन कुठल्या तुकड्यावर आहे हे शिकवायचं कसं? ओरडायचं नाही हे मी मनाशी ठरवलेलं होतं. मग मी हनुवटी वापरायला लागले. शब्द म्हणायचा आणि वजनाच्या तुकड्याला हनुवटी झटकन खाली आणायची. मागच्या बाकावरच्यालाही बरोबर कळायचं. विद्यार्थी माझ्याबरोबर मान खाली आणायचे. सगळा वर्ग एकाच क्षणी मान खाली घालतोय हे दारातून बघायला छान दिसायचं. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याला 'हनुवटी पद्धत' असं नाव देऊन पत्रकावर छापलं, वर 'खान्देशात प्रथमच' असंही.

खान्देशात प्रथमच होतं हे खरं असावं. तोटे नंतर लक्षात आले. मलाच आधी ती खोड लागली. रिक्षावाल्याला कलेक्टर ऑफिसला जायचं असं सांगताना माझी मान 'लेक्'वर खाली जाते, आणि तो समजतो की त्याने सांगितलेलं भाडं मला मान्य आहे.

पाचोऱ्याचे एक निवेदक क्लासला आले होते. लग्न, सत्कार, दुकानाचं उद्घाटन, काहीही असो, माईक त्यांच्याच हातात. त्यांना एकच शब्द हवा होता, 'फेलिसिटेशन'. पत्रिकेत तो छापलेला असायचा आणि ते अर्ध्यात अडकायचे. अडकले की ते जोरदार टाळ्या होऊ द्या असं म्हणून वेळ मारून न्यायचे. मी त्यांना शब्द फोडून दिला: फे-लि-सि-टे-शन, जावई चौथा. ते इतके खूश झाले की पुढच्या लग्नात त्यांनी वरपित्याचं फेलिसिटेशन केलं, बँडवाल्यांचं केलं आणि आचाऱ्याला चुलीवरून उठवून आणून त्याचंही केलं. त्यांनी मला मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. दरवेळी 'टे'ला त्यांची हनुवटी माईकवर आपटायची आणि मांडवभर ठप्प असा आवाज व्हायचा. मी हसले आणि सरांना दाखवला. सरांनी तो क्लासच्या ग्रुपवर टाकला. त्या ठप्पचा नीट विचार करायला हवा होता, असं आता वाटतं.

कारण त्यानंतर योगेशभाऊ आले.

योगेशभाऊ एमआर. म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी. मूळचे पिंपळनेरकडचे, राहायला धुळ्यात. मी दर गुरुवारी धुळ्याला जाऊन तिथलीही एक बॅच घेते, पण तिथे बाकीच्या कंपन्यांचे एमआर असतात आणि ते हसतील म्हणून योगेशभाऊ शनिवारी बस धरून जळगावला यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी बॅग मांडीवर घेतली आणि सांगितलं, "म्याडम, बाकीचं इंग्रजी राहू द्या. मले हा एक शब्द करी द्या."

पंक्चर काढून घ्यावं तशा सुरात. शब्द होता थायोकॉल्चिकोसाइड, त्यांच्या कंपनीची आखडलेले स्नायू सैल करणारी गोळी.

एमआरचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. धुळ्याच्या उन्हात टाय लावून दवाखान्यात पेशंटांच्या मागे उभं राहायचं. सगळे पेशंट संपत आले की आत बोलावतात. मग डॉक्टरांपुढे एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात औषधाचं नाव असं घ्यायचं की ते डॉक्टरांच्या डोक्यात राहिलं पाहिजे. डॉक्टर तेव्हा पुढच्या पेशंटचा एक्स-रे उजेडाकडे धरून बघत असतात. योगेशभाऊ हे नाव मालगाडीसारखं म्हणायचे, सगळे डबे सारखे, कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळत नसे. डॉक्टर एक्स-रेवरून नजर काढत नसत.

यात त्यांचं काय अडलं होतं तेही त्यांनी हळूहळू सांगितलं, म्हणजे मी विचारलं नाही आणि ते सांगत गेले. कंपनीने त्यांना अजून कायम केलं नव्हतं. मॅनेजर साहेबांनी शेरा दिला होता की औषधाचं नाव स्पष्ट घेत नाहीत. पुढच्या महिन्यात साहेब स्वतः येऊन दिवसभर त्यांच्याबरोबर दवाखान्या-दवाखान्यांतून फिरणार होते आणि मग कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. आणि चोपड्याला एक मुलगी बघून झालेली होती. हर्षदा नाव, डी. फार्म. झालेली, तिथल्याच एका मेडिकलवर काम करणारी. दोघांची पसंती होती. तिच्या वडिलांनी, आबांनी, एवढंच सांगितलं होतं की कायम झाल्याचं कळवा, दुसऱ्या दिवशी सुपारी फोडू. म्हणजे योगेशभाऊंचं लग्न या एका शब्दात अडकलं होतं. हे सगळं ऐकून मी फळ्याकडे वळले, कारण अशा वेळी चेहऱ्यावर काय ठेवायचं ते मला कळत नाही.

मी लिहिलं: था-यो-कॉल-चि-को-साइड. सहा तुकडे, जावई तिसरा.

योगेशभाऊंसारखा मेहनती विद्यार्थी मला क्वचितच मिळाला. बसमध्ये म्हणायचे, स्टँडवर म्हणायचे. दोन-तीन शनिवारांत त्यांची हनुवटी 'कॉल'वर अशी अचूक यायला लागली की मी ती दुसऱ्यांना उदाहरण म्हणून दाखवायचे. आवाजाचं काय चाललंय ते गिरणीमुळे मला ऐकू येत नव्हतं. जरा मोठ्याने म्हणा असं मी कुणाला सांगत नाही, कारण मग तेही मला तेच सांगतात. हनुवटी बरोबर म्हणजे शब्द बरोबर, असं मी धरून चालले होते. झालं होतं असं की योगेशभाऊंनी सगळं वजन मानेत घेतलं होतं आणि तोंडात मालगाडी तशीच चालू होती.

पुढचं मला नसरीनने सांगितलं. नसरीन धुळ्याच्या बॅचला होती आणि तिथल्याच एका हाडांच्या डॉक्टरांकडे ती नंबर लावायला बसते. त्या गुरुवारी ती क्लासच्या दारातच उभी होती. "मॅडम, वो तुमच्या योगेशभाऊ को पट्टा लग गया ना," ती म्हणाली, आणि पुढचं सांगायला तिला बराच वेळ लागला, कारण ती मध्ये मध्ये भिंतीला टेकून हसत होती.

योगेशभाऊ त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा स्टुलावर गुडघ्याचा एक पेशंट बसलेला होता. डॉक्टर एक्स-रे बघत होते. योगेशभाऊंनी नाव घेतलं. डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं म्हणून डॉक्टरांनी वर बघितलं. आजवर या डॉक्टरांनी योगेशभाऊंकडे कधी बघितलेलं नव्हतं. शब्द लागू पडला असं समजून त्यांनी तो उत्साहाने पुन्हा म्हटला, हनुवटी आणखी खाली नेऊन. डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग योगेशभाऊंनी सोबतीला मेथिलकोबॅलमिन हे दुसरं औषधही म्हटलं, 'बॅल'वर जोरात. डॉक्टर उठून टेबलाच्या या बाजूला आले आणि हे कधीपासून होतंय असं विचारलं.

इथे एमआर लोकांची एक रीत सांगायला हवी. डॉक्टर जे म्हणतील त्याला हो म्हणायचं. डॉक्टर म्हणाले आज सोमवार, तर सोमवार. नाही म्हणणाऱ्या एमआरला पुढच्या वेळी बाहेरच बसावं लागतं. त्यामुळे दुखतं का असं विचारल्यावर योगेशभाऊ म्हणाले, थोडं दुखतं सर. झोप लागते का? नाही लागत सर. डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं, गुडघ्याच्या पेशंटला उठवून. मान चाचपली, इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि शब्द पुन्हा म्हणायला लावला. मान पुन्हा खाली गेली. डॉक्टरांनी स्नायू आखडल्याचं निदान केलं, गळ्यात जाड पट्टा बांधला आणि चिठ्ठीवर गोळी लिहून दिली. गोळी होती थायोकॉल्चिकोसाइड. बॅगेत आहेतच ना तुमच्या, त्यातल्याच घ्या, असंही म्हणाले.

त्या वेळी केबिनमध्ये असलेले डॉक्टर, नसरीन आणि गुडघ्याचा पेशंट, तिघांनाही योगेशभाऊंची काळजी वाटली, असं नसरीनने शपथेवर सांगितलं. हसू तिला नंतर, बाहेर आल्यावर फुटलं.

शनिवारी योगेशभाऊ पट्टा बांधून क्लासला आले. वळायचं तर पूर्ण अंगाने वळायचे, कपाट फिरवल्यासारखं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांना पिताही येईना. हनुवटी वर जाईना की खाली येईना. पट्टा काढून टाका असं मी सुचवलं. पण मॅनेजर साहेब पुढच्याच आठवड्यात येणार होते आणि साहेबांना घेऊन पहिली भेट याच डॉक्टरांची होती. डॉक्टर विचारणार, पट्टा कुठाय. डॉक्टरांचा सल्ला न मानणारा एमआर साहेबांना दिसला तर संपलंच.

मग मी नेहमीसारखा शब्द फळ्यावर लिहिला, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना. खाली कळण्याचं दळण चालू होतं. योगेशभाऊंनी सुरुवात केली. 'था' गेला, 'यो' गेला, आणि 'कॉल'ला हनुवटी सवयीने निघाली आणि पट्ट्यावर अडकली. इतके दिवस मानेत साठवलेल्या जोराला खाली जायला वाट राहिली नाही. तो वर आला. 'कॉल' असा काही बाहेर पडला की पुढच्या बाकावरची मुलगी दचकली. खालून गिरणीवाल्या दादांनी जिन्यात येऊन विचारलं, "काय व्हयनं रे वर?"

मी त्यांना काही झालं नाही असं खुणेनेच सांगितलं. योगेशभाऊ माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा तोच 'कॉल', उंच, लांब, भरलेला, आणि बाकीचे पाच तुकडे त्याच्या मागेपुढे बेताने. माझ्या आजवरच्या कामात इतका नीट फोडलेला आणि नीट तोललेला शब्द मी ऐकला नव्हता. श्रेय मात्र माझं नव्हतं, पट्ट्याचं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकू आला, गिरणी चालू असताना.

साहेब आले तो दिवस फारच चांगला गेला. योगेशभाऊंनी पट्ट्यातून शब्द म्हटला, डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. एवढंच नाही, डॉक्टरांनी साहेबांपुढे त्यांना पेशंट म्हणून सादर केलं. बघा, गेल्या आठवड्यात नाव घेतलं की मान झटके खात होती, तुमच्या गोळीने आठवड्यात बंद. साहेबांनी ते लगेच टिपून घेतलं. योगेशभाऊंनी एकही गोळी घेतलेली नव्हती, पण डॉक्टर म्हणत होते म्हणून तेही हो म्हणाले. शिवाय मान दुखत असताना रजा न घेता माणूस उन्हात फिरतोय, हे साहेबांच्या मनात भरलं. दोन आठवड्यांत कायम झाल्याचा मेल आला. योगेशभाऊंनी मला फोन केला आणि मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.

त्यांनी चोपड्यालाही फोन केला. तिकडून फक्त बरं बरं असं आलं. सुपारीचं कुणी बोललं नाही. दोन दिवसांनी त्यांनी परत केला, तेव्हा कळलं.

तो गुडघ्याचा पेशंट हर्षदाचा मामा होता. धुळ्यात त्यांचं खताचं दुकान आहे. मुलगी बघायच्या दिवशी ते कुठल्यातरी लग्नाला गेले होते, म्हणून योगेशभाऊंनी त्यांना ओळखलं नव्हतं. पण मामांनी फोटो बघितलेला होता, त्यांनी ओळखलं. आणि त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं, की भाचीसाठी बघितलेल्या मुलाची मान बोलता बोलता आपोआप खाली पडते, दुखते, त्याला झोप लागत नाही आणि हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा घातलाय. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. पण चोपड्याला पोचेपर्यंत ती मान दोन्ही बाजूंनी हलायला लागली होती, आणि कुणीतरी झटक्यांचा आजार हा शब्दही वापरला होता.

योगेशभाऊंनी आबांना फोनवर सांगितलं की हा आजार नाही, हे जळगावच्या क्लासमुळे झालं. आबांना ते आणखी गंभीर वाटलं. असा कसा क्लास, जिथे जाऊन माणसाची मान हलायला लागते. ते म्हणाले, मी येऊन बघतो.

आले त्या दिवशी सर नेमके पाचोऱ्याला गेलेले. मी एकटी होते. जिना आधी आबा चढून आले, शांत, उंच, पांढरा सदरा. मागून मामा गुडघा धरत, एकेक पायरी थांबत. त्यांच्या मागे हर्षदा. योगेशभाऊ आधीच येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. पट्टा त्यांनी बॅगेत ठेवला होता. बॅगेची चेन लागत नव्हती आणि पांढरं टोक बाहेर दिसत होतं. मामा त्याच्याकडेच बघत बसले.

मी सांगायला सुरुवात केली. तुकडे, वजन, पंगत, जावई, सगळं. आबांनी कानामागे हात धरला. गिरणी चालू होती. मी जरा मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवून नाही असं केलं, ऐकू येत नाही. मी आणखी मोठ्याने सांगितलं. इतक्या मोठ्याने मी शाळेतही कधी बोलले नव्हते. माझा स्वतःचा आवाज मला ओळखू येईना, पण थांबले असते तर पुन्हा सुरू करायची हिंमत झाली नसती. मी सगळा जीव एकवटून म्हणाले, "त्यांची मान ठणठणीत आहे. ती माझ्यामुळे हलते."

'ती माझ्यामुळे' म्हणायच्या आत वीज गेली होती आणि गिरणी बंद पडली होती.

खाली दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. कुणीतरी डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. हर्षदाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. योगेशभाऊंनी मान खाली घातली, या वेळी खरोखरीच्या कारणाने.

आबांनी कानामागचा हात खाली घेतला. मग त्यांनी योगेशभाऊंना म्हटलं, "म्हनी दखाड बरं तो शब्द."

योगेशभाऊ उभे राहिले. पट्टा नव्हता. त्यांनी शब्द म्हटला, आवाज अगदी छान आला, पण 'कॉल'ला हनुवटीही गेली. जुनी सवय. मामा आबांकडे वळून म्हणाले, "दखा. मी काय सांगे."

बोलायचं ते सगळं मी आधीच, आणि सगळ्या गल्लीला, सांगून बसले होते. मी फळ्यावर शब्द लिहिला, कारण ते मला जमतं.

हर्षदा फळ्याकडे बघत होती. ती म्हणाली, हा तर मी दिवसातून कितीदा म्हणते, कंबरदुखीच्या गोळ्या मागायला अर्धं चोपडा येतं. आणि तिने तो म्हटला. थायोकॉल्चिकोसाइड. सरळ, सपाट, एकही तुकडा उंच नाही, एकही खाली नाही. काउंटरवरून पुडी सरकवावी तसा. पण ती 'कॉल'वर आली तशी माझी हनुवटी खाली गेली. मी काही ठरवून केलं नाही. त्याच क्षणी समोर योगेशभाऊंचीही गेली.

तिने आमच्या दोघांकडे बघितलं. मग पुन्हा म्हटला, जरा हळू, बघण्यासाठी. पुन्हा आमच्या दोघांच्या माना गेल्या. तिला हसू आलं. तिसऱ्यांदा तिने म्हटला तेव्हा, मी पैजेवर सांगते, तिचीही हनुवटी 'कॉल'ला किंचित खाली आली, आणि 'कॉल' जरासा वर उचलला गेला. तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

आबा फळ्याकडे, माझ्याकडे, योगेशभाऊंकडे आणि शेवटी मुलीकडे बघत राहिले. मग मामांना म्हणाले, "आते ह्या तिन्हीसले पट्टा लागी का?"

मामा ओठातल्या ओठात शब्द म्हणून बघत होते आणि त्यांनी स्वतःची मान एका हाताने धरून ठेवली होती.

आबा उठले. त्यांनी योगेशभाऊंना कायम झाल्याचा मेल दाखवायला सांगितला, चष्मा लावून सगळा वाचला, फोन परत दिला. मग हर्षदाकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत होती, पण हसू आवरलेलं नव्हतं. आबांनी योगेशभाऊंना विचारलं, रविवारी सुपारी फोडायला घरची माणसं घेऊन येता का.

योगेशभाऊ हो म्हणाले. पण हे सगळं या मानेपायी घडलं होतं, आणि मामा अजून बघत होते. त्यामुळे हो म्हणताना त्यांनी मान इतकी ताठ धरली की कानामागच्या शिरा दिसायला लागल्या. आबा उत्तराची वाट बघत उभेच. योगेशभाऊंनी पुन्हा हो म्हटलं, आणखी ताठ होऊन.

आबा त्यांच्या अगदी जवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आते तं हालाव ना मान, भाऊ."